खिशातले हात

मला हात काढता येत नसत.

चेहरे येत. नाके तर अशी येत की ज्याचे नाक असेल त्याने दुसऱ्या दिवशी आरशापुढे उभे राहून ते चाचपून पाहावे. पण मनगटापाशी पोचली की माझी रेघ थबके. पाच बोटे, चौदा पेरे आणि एक तळवा, एवढाच काय तो ऐवज. पण कागदावर उतरला की त्याचा कधी हातमोजा होई, कधी गाजरांची जुडी. कलाशाळेत असल्यापासून मी माझ्या माणसांचे हात लपवत आलो होतो. पाठीमागे, खांबाआड, दुसऱ्याच्या खांद्यापलीकडे. शेवटच्या वर्षी परीक्षक माझ्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "तुझी सगळी माणसं काहीतरी उचलून आणल्यासारखी का उभी असतात रे?" मी मान खाली घातली. मान खाली घालणे मला लहानपणापासून उत्तम जमते.

तेविसाव्या वर्षी मला एका दैनिकात व्यंगचित्रकाराची नोकरी मिळाली. पहिल्या पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, माझी चौकट असे. तिच्यातली सही होती 'मुका'. हे नाव ठेवले वेलांटीकाकांनी. वेलांटीकाका आमचे मुद्रितशोधक; चाळीस वर्षे प्रुफांवर वाकून त्यांच्या पाठीला वेलांटीसारखा बाक आला होता. पहिल्या आठवड्यात मी कार्यालयात कोणाशी एक शब्द बोललो नाही, तेव्हा त्यांनी पोरगा मुका असल्याचे जाहीर केले, आणि तीच सही छापून येऊ लागल्यावर भेटेल त्याला सांगत सुटले, "रोज सकाळी वाचकाला मुका देणारा पेपर आपला एकटाच." मी लाजेने लाल झालो, पण नाव सोडले नाही. बोलण्याची सक्ती नसलेले नाव मला हवेच होते.

आमच्या शहरावर, आणि शहरापलीकडच्याही पुष्कळ मुलखावर, त्या काळी एका कुटुंबाची सत्ता होती. निवडणुका होत, मते मोजली जात, आणि प्रत्येक वेळी आतून तेच कुटुंब बाहेर येई. लोक त्याला नुसते 'मोठं घर' म्हणत. थोरले साहेब, त्यांचा मुलगा धाकटे साहेब आणि सून वहिनीसाहेब, अशी तीन माणसे त्या घराच्या पायरीवर उभी राहिली की शहरातले घड्याळ त्यांच्याकडे पाहून लावले जाई. मी नोकरीला लागलो त्याच महिन्यात मोठ्या घराच्या विश्वस्त संस्थेने तळ्याकाठचे मैदान नव्याण्णव वर्षांच्या कराराने घेतले. संग्रहालय बांधायचे, असे कागदोपत्री म्हटले होते. आधी भिंत बांधली. संग्रहालय मागे राहिले. अर्धे शहर त्या मैदानावर सायकल शिकले होते. मीही तिथेच पडलो होतो.

त्या दिवशी मी तिघांना भिंतीपुढे उभे केले. चेहरे जमले, नाके जमली, आणि सहा हात उरले. संध्याकाळी सातला पान छपाईला सुटत असे. पावणेसात झाले होते. मी सहाच्या सहा हात खिशात घातले. वहिनीसाहेबांच्या झग्याला खिसे नव्हते. तेही काढून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन खणखणू लागले. लोक हसत होते. सगळे मोठे घर खिशात हात घालून उभे. पण खिसा कोणाचा, असा प्रश्न ज्याला त्याला पडला होता आणि उत्तर ज्याचे त्याला सापडले होते. एका निवृत्त शिक्षकांनी दोन पानी पत्रात खिसा या प्रतीकाची फोड करून दाखवली. चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना विचारू लागले, "आज हात कुठे आहेत?" आमच्या संपादकबाई कुठल्याशा परिसंवादात म्हणाल्या, "आमचा चित्रकार हात दाखवत नाही. बाकी सगळं दाखवतो." टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो. उठून खरे सांगावे, असे क्षणभर वाटले. पण उठायचे म्हणजे माना वळणार, आणि वळलेल्या मानांची मला फार भीती. मी गप्प बसलो. गप्प बसल्याने खोटे बोलण्याचे पाप लागत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

अशी तीन वर्षे गेली. मोठे घर खिशात हात घालून उद्घाटने करी, खिशात हात घालून शोक पाळी, आणि खिशात हात घालून पोहतही असे.

मधल्या काळात धाकटे साहेब मला एकदा भेटले; भेटले म्हणजे हाती लागले. मी एका बँकेच्या जिन्यावरून उतरत होतो, ते प्रचारासाठी चढत होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माझ्या डोक्यावरून पलीकडच्या कॅमेऱ्याकडे पाहून हसत राहिले. कॅमेऱ्याचे काम होईपर्यंत माझा हात त्यांच्याकडेच होता. व्यंगचित्रकाराला याहून चांगली संधी कोणती? घरी येऊन मी कागद पुढे ओढला. आठवला तो फक्त ऊबदारपणा, आकार नाही.

मग नोटीस आली. धाकट्या साहेबांच्या वकिलाने लिहिले होते की खिशातल्या हातांमधून आमच्या अशिलांवर चोरीचा आरोप सतत केला जात आहे. त्याच चौकटीत माफी छापावी, अन्यथा न्यायालयात भेटू. संपादकबाईंनी मला खोलीत बोलावले. त्या स्थूल, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या आणि तो सापडत नाही म्हणून दिवसभर शोधणाऱ्या बाई होत्या.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी आपले वकील येतायत. त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय, खिशाचा अर्थ काय. मी म्हणेन, जनतेचा खिसा. तू फक्त मान डोलाव. ते तुला जमतं."

"बाई, अर्थ..."

"अर्थ आहेच रे. तीन वर्षं लोक काय उगाच हसले?"

मी मान डोलावली आणि बाहेर आलो.

मला हात येत नाहीत, ही गोष्ट फक्त ताईला ठाऊक होती. आईवडील गेल्यापासून आम्ही दोघेच राहत होतो. ती रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. दुखावलेल्या, मोडलेल्या, लुळ्या पडलेल्या हातांना पुन्हा कामाला लावणे हा तिचा व्यवसाय. एकाच घरात एक हात दुरुस्त करणारी आणि एक हात लपवणारा, अशी आमची वाटणी होती.

"मग सांगून टाक ना, हात येत नाहीत म्हणून," ती भांडी विसळत म्हणाली.

"सांगितलं तर म्हणतील, नोटीस आली आणि याने शेपूट घातली."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर कोर्टात शपथेवर सांगावं लागेल, की तो जनतेचा खिसा होता."

"म्हणजे खोटं."

"लोकांच्या दृष्टीने खरं."

"शपथ लोक घेणार आहेत की तू?" तिने हात पुसले. "बुधवारी दुपारी ये माझ्याकडे. विभागाबाहेरच्या बाकावर बस. दिवसभरात पन्नास जोड्या हात जातात तिथून. शिक तरी. पण विचारल्याशिवाय कोणाचे हात काढायचे नाहीत. आणि चेहरे तर अजिबात नाही."

बुधवारी मी गेलो. तळमजल्यावरच्या मागच्या बोळात ताईचा विभाग होता. उघड्या दारातून आतली लांब टेबले दिसत. एका फळीवर कडी, नळ, कुलूप, बटणे आणि नाडी ओळीने लावलेली. माणसे तिच्यापुढे बसून नळ सोडत, बंद करत, कडी घालत, काढत. घर नसलेले ते दार उघडायला त्यांना अर्धा अर्धा तास लागे. मी बाकावर वही उघडून बसलो. एकूण अकरा जणांना विचारायचे ठरवले आणि एकालाही विचारले नाही.

दुपारच्या सुट्टीत बोळ रिकामा झाला. ताईला वरच्या मजल्यावरून बोलावणे आले. तेवढ्यात मागच्या दाराने एक म्हातारे गृहस्थ आत आले. कानटोपी, तोंडावर पांढरी मुखपट्टी, अंगात लोकरी कोट. माझ्या शेजारी बसून ते कोटाचे बटण काढू लागले. दोन्ही हात थरथरत होते. बटण काजाच्या तोंडाशी येई आणि परत फिरे.

"मी काढू?" मी विचारले.

"नको. हाच माझा गृहपाठ आहे."

त्यांनी ते काढले. मग हात मांडीवर ठेवून दम खाल्ला. हात तिथेही थांबेनात.

"आजोबा," मी म्हणालो आणि वहीची पाने उलटू लागलो.

"बोल की. मी चावत नाही. दातही माझे नाहीत."

"तुमचे हात काढू का? चित्र. चेहरा नाही, फक्त हात."

त्यांनी माझ्या मांडीवरच्या वहीकडे पाहिले. "कलाशाळेत आहेस वाटतं?"

मी मान हलवली. तिचा अर्थ हो की नाही, हे त्यांच्यावर सोडले.

"काढ. पण हे स्थिर बसतील अशी हमी मी देत नाही. यांनी माझं ऐकणं सोडलंय."

आजवर मी हाताची कड शोधत आलो होतो. त्या हातांना कडच नव्हती. रेघ टाकावी तोवर बोट दुसरीकडे गेलेले असे. मग मी कड सोडून दिली आणि आत पाहू लागलो. बोट कुठून उगवते, वाकते कुठे, सगळा हात हलतो तेव्हा कोणते हाड मागे राहते. करंगळीच्या बाजूची एक शीर तेवढी शांत होती. तिथून मी सुरुवात केली. तिसऱ्या कागदावर काहीतरी आले. देखणे नव्हते, पण ते हात होते.

"दाखव," ते म्हणाले.

त्यांनी वही घेतली. कागद त्यांच्या हातात फडफडू लागला. त्यांनी तो मांडीवर दाबून धरला आणि फार वेळ पाहिला.

"ही रेघ मला माहीत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "जाड सुरू होते, मध्येच लाजते आणि शेवटी टोचते. रोज सकाळी चहाबरोबर गिळतो मी ही. तू मुका ना?"

मी खरोखरच मुका झालो. त्यांनी तोंडावरची पट्टी खाली ओढली. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडेना. समोर एक दमलेला, सुरकुतलेला, प्रेमळ वाटावा असा चेहरा होता.

"अजून नाही ओळखलंस? तीन वर्षं माझ्या नाकावर पोट भरतोयस."

मी त्या नाकाकडे पाहिले. ते साधे, लहानसे नाक होते. मी काढत असे त्याच्या निम्मेही नसेल. मग ध्यानात आले. मी थोरल्या साहेबांना सरकारी कार्यालयातल्या तसबिरीवरून काढत आलो होतो, आणि ती तसबीर वीस वर्षांपूर्वीची होती. माझ्या रेघेवरून त्यांनी मला ओळखले; त्यांच्या चेहऱ्यावरून मी त्यांना ओळखले नाही.

"साहेब," मी उठू लागलो.

"बस. इथे मी साहेब नाही. इथे माझं नावही दुसरं लिहिलंय." त्यांनी वही मिटली, परत दिली नाही. "एकच सांग. तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"हातांचं. पाच वर्षं झाली यांना. घरात आम्हा तिघांना माहीत, चौथा माझा चिटणीस. भाषणाला उभा राहिलो की हात खिशात. फोटोला हात खिशात. लोक म्हणायचे, काय रुबाब आहे. आणि एक दिवस तू तेच छापलंस. लोक हसले. ते मैदानावरून हसत होते, ते मला कळतं रे. पण मला वाटायचं, हा पोरगा हातांना हसतोय."

"मला माहीत नव्हतं."

"मग खिशात का घातलेस?"

बोळात कोणी नव्हते. वळायला एकही मान नव्हती. तरी त्या वाक्याला बाहेर यायला मोठा वळसा घ्यावा लागला.

"मला हात काढता येत नाहीत."

त्यांच्या चेहऱ्यावर आधी संशय आला, मग तो सरला. त्यांनी स्वतःच्या खिशांकडे पाहिले.

"मलाही," ते म्हणाले.

आणि आम्ही दोघे हसू लागलो. ते खोकला येईपर्यंत हसले, डोळे पुसायला रुमाल काढायचा तर तोही निघेना, म्हणून आणखी हसले. शेवटी रुमाल मी काढून दिला. मात्र डोळे पुसताना त्यांचे हसू मावळत गेले.

"माझा चिटणीस," ते म्हणाले. "तीस वर्षं सावलीसारखा होता. तुझं ते चित्र लागोपाठ वर्षभर आल्यावर मी त्याला विचारलं. म्हणाला, साहेब, मी नाही सांगितलं. मी म्हटलं, मग काय भिंतीने सांगितलं? दोन वर्षं झाली, घरी बसवलंय त्याला. उतरल्या तोंडाने गेला. किल्ल्यासुद्धा मोजून दिल्या."

मी त्यांच्या हातातला रुमाल घेऊन घडी घातली. पण आता गप्प बसण्याबद्दलची माझी जुनी समजूत टिकणार नव्हती. परिसंवादात त्या दिवशी मी उठलो असतो, तर एका अनोळखी माणसाच्या घरात ही दोन वर्षे चूल निवांत पेटली असती.

"तू मला लिहून दे," ते म्हणाले. "दोन ओळी. की तुला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा माझं ऐकणार नाही. म्हणेल, बाबा म्हातारपणी मऊ झाले."

"तुमच्या मुलाची नोटीस आलीय आम्हाला. त्या दोन ओळी वकिलाच्या हाती पडल्या, तर पेपर तोंडावर आपटेल."

"हं," ते म्हणाले. "मुका आहेस, पण खुळा नाहीस."

"आणि मैदान?"

"मैदान घेतलं ते घेतलं. मी धुतल्या तांदळासारखा आहे असं कधी म्हटलंय? त्यावर काढ. रोज काढ. ते मी गिळीन. पण हे," त्यांनी दोन्ही तळहात किंचित वर उचलले, "हे माझं पाप नाही. याला नको हसूस. आणि हे आत्ता कोणाला सांगूही नकोस. वेळ आली की मीच सांगीन."

तो शब्द त्यांनी पुढे दोन महिन्यांत भर सभागृहात पाळला. म्हणूनच मी आज हे लिहू शकतो.

"मग चित्रातले हात खिशाबाहेर काढावे लागतील," मी म्हणालो.

"यायला नकोत का तुला?"

"शिकतोय."

"मी तरी इथे दुसरं काय करायला येतो?"

एवढ्यात ताई जिना उतरून आली. बाकावर आम्हा दोघांना पाहून तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला; पण आवाज नेहमीचाच राहिला. "चला आजोबा, आज नळ सोडायचाय," ती म्हणाली. जाताना त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली.

गुरुवारी सकाळी मी संपादकबाईंच्या खोलीत न बोलावता गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"बाई, खिशाला काही अर्थ नव्हता. मला हात काढता येत नाहीत."

त्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. मी तो कपाळावर असल्याचे सांगितले.

"पुन्हा बोल."

मी पुन्हा बोललो. दुसऱ्या वेळी ते सोपे गेले.

"अरे देवा," त्या मटकन बसल्या. "मी भाषणं दिली रे त्याच्यावर. आता मी तोंड कुठे लपवू? खिशात?"

"ते मला चौकटीत छापायचंय. उद्याच्या उद्या."

"वेड लागलंय तुला. मोठं घर म्हणेल, पेपरने नांगी टाकली."

"चित्र मैदानाचंच असेल. आणि हात बाहेर असतील, सगळ्यांचे."

"पण एवढी घाई का? शुक्रवारी नुसती मान डोलावायची होती."

"त्या खिशांपायी एका माणसाची नोकरी गेलीय. कोणाची आणि कशी, ते मला सांगता येणार नाही. शब्द दिलाय."

बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिले. त्या जुन्या बातमीदार. शब्द दिलाय म्हटल्यावर पुढचे विचारायचे नसते, हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होते.

"सातला पान सुटतं," त्या म्हणाल्या. "साडेसहाला दाखव. नाही जमलं तर चौकट कोरी जाईल, आणि तूही जाशील. तीन वर्षं मला मूर्ख बनवलंस, तेवढा तरी माझा हक्क आहे."

दिवसभर मी हात काढले. वेलांटीकाकांचे काढले, शिपायाचे काढले, स्वतःचा डावा काढला. चार वाजेपर्यंतचे सगळे कागद टोपलीत गेले. मग मी बोळातली ती शांत शीर आठवली आणि प्रत्येक हात तिच्यापासून सुरू केला. चित्रात मोठे घर मैदान गुंडाळत होते. अंथरूण गुंडाळावे तसे, झोपाळे, सायकली आणि तळ्याचा एक कोपरा आत ठेवून. धाकटे साहेब दोन्ही हातांनी वळकटी दाबत होते. वहिनीसाहेब दोरी आवळत होत्या. थोरल्या साहेबांनी एक कड धरली होती. त्यांच्या हातांची रेघ मी अजिबात थरथरू दिली नाही. धरलेली कड मात्र सोडवली नाही. खाली लिहिले:

'या चौकटीतली माणसे तीन वर्षे खिशात हात घालून उभी होती, ती माझ्या अडाणीपणामुळे. मला हात काढता येत नव्हते. मला कोणी काही सांगितले नव्हते. मैदान भिंतीआड आहे, ते मात्र माझ्या अडाणीपणामुळे नाही. मुका.'

साडेसहाला बाईंनी ते वाचले, पुन्हा वाचले, वेलांटीकाकांना बोलावून ऱ्हस्वदीर्घ तपासायला लावले आणि म्हणाल्या, "सोडा पान."

शुक्रवारी वकील आले तेव्हा अंक टेबलावर होता. ते म्हणाले, "नोटीस खिशाबद्दल होती. खिसाच उरला नाही; आता मी भांडू कशावर?" मोठ्या घराकडून त्यानंतर काही आले नाही. वाचकांकडून मात्र पुष्कळ आले. कोणी भित्रा म्हटले, कोणी विकला गेला म्हटले. निवृत्त शिक्षकांनी आपले दोन पानी पत्र परत मागवले. ते सारे मला लागले. दोन दिवस जेवण गोड लागले नाही. पण बाकीची पत्रे आता खिशाविषयी नव्हती, मैदानाविषयी होती. कोणाचा गुडघा तिथे कधी फुटला, कोणाची सायकल कोणी मागून धरली. बाईंनी ती सलग पानभर छापली, आणि सोमवारी विश्वस्त संस्थेने कळवले की संग्रहालयाचे काम सुरू होईपर्यंत भिंतीचे फाटक संध्याकाळी उघडे राहील. वेलांटीकाका म्हणाले, "म्हणजे कायमचं उघडं."

मंगळवारी दुपारी एक गृहस्थ मला शोधत आले. साठीच्या अलीकडचे, कडक इस्त्रीचा सदरा, हातात कातडी पिशवी. माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी आपण कोण ते एका शब्दात सांगितले.

"चिटणीस."

मी उभा राहिलो. त्यांनी मला हाताने खाली बसवले.

"शुक्रवारी सकाळी सातला फोन आला," ते म्हणाले. "साहेबांनी स्वतः लावला. तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, पेपर वाचलास? मी म्हटलं, वाचला. म्हणाले, मग ये."

"बस? माफी वगैरे?"

"मोठ्या घरात सगळ्या खोल्या आहेत. माफीची बांधायची राहिलीय." ते हसले. "पण किल्ल्या त्यांनी स्वतः माझ्या हातात दिल्या. पडल्या दोनदा. दोन्ही वेळा त्यांनीच उचलल्या."

"मला तुमची क्षमा..."

"राहू दे. तू छापलंस, तेवढं पुरे. मी वेगळ्याच कामाला आलोय." त्यांनी पिशवीतून अंक काढला आणि धाकट्या साहेबांवर बोट ठेवले. "हा त्यांचा डावा हात बघ. अंगठा कुठल्या बाजूला आहे?"

मी पाहिले. अंगठा बाहेरच्या बाजूला होता. धाकट्या साहेबांना मी दोन उजवे हात दिले होते.

तेवढ्यात वेलांटीकाका पत्रांचा गठ्ठा घेऊन आले. त्यांच्यामागे बाई होत्या. चष्मा कपाळावर, चेहरा फुललेला.

"मुक्या, कमाल केलीस," काका म्हणाले. "सगळ्यांना अर्थ लागलाय. धाकट्याला दोन्ही हात उजवेच; म्हणजे या हाताचं त्या हाताला कळायचा प्रश्नच नाही. एकाने तर लिहिलंय, ज्याला त्याला उजवा हात व्हायचंय, त्यावर हे भाष्य आहे. हा बघ, आपला मास्तर परत आला, या वेळी तीन पानं."

"हे तरी मुद्दाम होतं ना रे?" बाईंनी विचारले. त्यांच्या आवाजात आशा होती. त्यांचा पुढचा परिसंवाद येत्या आठवड्यात होता.

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. चिटणीसही पाहत होते.

"नाही," मी म्हणालो. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असे. "अंगठा चुकलाय."

कोणीतरी हसले, मग सगळेच. बाई काहीतरी पुटपुटत खोलीकडे वळल्या. मी चिटणिसांना विचारले की त्यांना घाई नसेल तर डावा हात जरा टेबलावर ठेवतील का. त्यांनी सदऱ्याची बाही दोन घड्या वर केली आणि हात माझ्यापुढे ठेवला.